गणपतीची आरास १२ व्होल्टवर: सप्लाय किती अँपिअरचा घ्यावा, वायर कोणती, जोडणी कशी करावी?

गणपती जवळ आले की गावागावांत मंडळाची पोरं रात्र रात्र जागून आरास करतात. पूर्वी २३० व्होल्टच्या बल्बच्या माळा असायच्या. आता एलईडी पट्टी, मॉड्यूल, पिक्सेल लाइट, हलत्या देखाव्याची मोटर हे बरंचसं सामान १२ किंवा ५ व्होल्ट डीसीवर चालतं. त्याला हात लागला तरी शॉक बसत नाही, म्हणून ते सोयीचं. पण शॉक बसत नाही म्हणूनच जोडणीकडे दुर्लक्षही होतं. पहिल्या दिवशी झगमगाट असतो, तिसऱ्या दिवशी पट्टीचं शेवटचं टोक मिणमिणायला लागतं आणि पाचव्या दिवशी पडद्यामागून वायर जळल्याचा वास येतो. अशा वेळी दोष लाइटचा क्वचितच असतो. सप्लाय कमी पडलेला असतो, नाहीतर वायर बारीक पडलेली असते.

शॉक बसत नाही म्हणजे आग लागत नाही, असं नाही. आराशीत कापड, कागद, पुठ्ठा, वाळलेलं गवत असतं. एक तापलेला जोड तिथं पुरेसा होतो. म्हणून सामान आणायला बाजारात जाण्याआधी खालचा हिशोब करून घ्यावा.

सप्लाय म्हणजे काय?

२३० व्होल्टच्या एसी लाइनचं १२ किंवा ५ व्होल्ट डीसी करून देणारा डबा म्हणजे एसएमपीएस. दुकानात त्याला ‘एलईडी सप्लाय’ किंवा नुसतं ‘अडॅप्टर’ही म्हणतात. जाळीच्या पत्र्याचा डबा आणि एका बाजूला स्क्रूची रांग, असं त्याचं रूप. लेबलवर दोन आकडे महत्त्वाचे: व्होल्ट आणि अँपिअर.

व्होल्ट लाइटला लागतो तेवढाच हवा. १२ व्होल्टच्या पट्टीला १२ चाच सप्लाय. ५ व्होल्टच्या पिक्सेल माळेला १२ व्होल्ट दिले तर ती जळते. १२ च्या पट्टीला मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट दिले तर ती पेटतच नाही.

अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात. २० अँपिअरच्या सप्लायवर २ अँपिअरची पट्टी लावली तर पट्टी २ च अँपिअर ओढते. ‘मोठा सप्लाय लावला की लाइट उडते’ हा गैरसमज आहे. मोठा सप्लाय धोक्याचा होतो तो शॉर्ट झाल्यावर, कारण तेव्हा तो बारीक वायरीत जास्त करंट ढकलतो. त्यासाठी फ्यूज लागतो, ते पुढे येईल.

अँपिअर कसे काढायचे?

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. सामानाच्या पाकिटावर वॅट लिहिलेले असतात, आधी ते वाचावेत. अंदाज असा:

- ५ मीटरचा साधा पट्टीरोल, मीटरला ४.८ वॅटचा: २४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर २ अँपिअर.
- ५०५० एलईडीची, मीटरला ६० दाण्यांची पट्टी: मीटरला १४.४ वॅट. रोलचे ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर.
- ५० दाण्यांची ५ व्होल्टची पिक्सेल माळ, दाण्याला ०.३ वॅट: १५ वॅट, म्हणजे ३ अँपिअर.

समजा मंडळाकडे २४ वॅटचे चार रोल आहेत, त्यांचे ९६ वॅट. वर २४ वॅटचे मॉड्यूल. एकूण १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. इथं १० अँपिअरचा सप्लाय घेतला तर तो रोज सात-आठ तास पूर्ण भारावर तापत राहील. म्हणून चौथा हिस्सा वाढवून धरावा. १० चे साडेबारा होतात आणि बाजारात त्याच्या वरचं माप १५ अँपिअरचं मिळतं. तोच घ्यावा. स्वस्त मालात लेबलवर लिहिलेले अँपिअर प्रत्यक्षात मिळतीलच असं नाही, हे धरून थोडी जागा जास्तच ठेवलेली बरी.

मोटर वेगळी ठेवा

हलत्या देखाव्यात बऱ्याच ठिकाणी गिअरची छोटी मोटर किंवा गाडीच्या वायपरची मोटर वापरतात. वायपर मोटर चालताना साधारण ३ ते ५ अँपिअर ओढते. पण सुरू होताना किंवा दोरी-कापड अडकून जाम झाली की त्याच्या कितीतरी पट ओढते. लाइट आणि मोटर एकाच सप्लायवर असतील तर मोटर सुरू होताच लाइट दबतात आणि पिक्सेलचा कंट्रोलर गडबडतो. म्हणून वायपर मोटरला स्वतंत्र सप्लाय द्यावा. मोटर ५ अँपिअरची दिसली तरी सप्लाय २० चा घ्यावा. छोटा असेल तर तो भार पाहून स्वतःला बंद-चालू करत राहतो आणि मूर्तीचा हात झटके देत हलतो.

डीसी मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की सुलटी होते. गाडीच्या काही वायपर मोटरींत मायनस बॉडीतूनच असतो, त्यांच्यात हा उपाय चालत नाही. एलईडी पट्टीत प्लस-मायनस उलटं झालं तर ती पेटत नाही. पिक्सेलमध्ये उलटं झालं तर आतली चिप जाऊ शकते.

वायर: खरी चूक इथं होते

१२० वॅटला २३० व्होल्टच्या बाजूने जेमतेम अर्धा-पाऊण अँपिअर लागतो. तेच १२० वॅट १२ व्होल्टच्या बाजूला १० अँपिअर होतात. म्हणजे ‘कमी व्होल्टची’ वायर जास्त जाड लागते. पोरं नेमकं उलटं करतात: लाइनला जाड केबल आणि १२ व्होल्टला स्पीकरची बारीक वायर.

ठिबकवाल्याला हे लगेच कळेल. बारीक लॅटरल लांबवर नेली की शेवटच्या ड्रिपरला पाणी कमी पडतं. वायरीतही तसंच. सप्लायपासून १० मीटरवर ५ अँपिअरचा भार असेल, तर जाण्या-येण्याची मिळून २० मीटर तांब्याची वायर होते. तेव्हा शेवटी साधारण एवढे व्होल्ट उरतात:

- १ चौरस मिमी वायर: १०
- १.५ चौरस मिमी: १०.७
- २.५ चौरस मिमी: ११.२
- ४ चौरस मिमी: ११.५

शेवटच्या लाइटला निदान ११ व्होल्ट मिळतील अशी वायर धरावी. ५ व्होल्टच्या माळांना अंतर आणखी कमी ठेवावं. १२ मधला १ व्होल्ट गेला तर बारावा हिस्सा जातो, ५ मधला १ गेला तर पाचवा. पिक्सेलच्या शेवटच्या दाण्यांत पांढरा रंग पिवळट-तांबूस दिसू लागला की व्होल्ट पडलेत असं समजावं.

वायर घेताना आयएसआय खूण पाहावी. लाल-काळी स्वस्त वायर चाकूने खरवडून बघावी. आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम वायर आहे. ती जास्त तापते.

जोडणी मधून, दोन्ही बाजूंनी

५ मीटरच्या रोलला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असं शेपटीला शेपूट जोडू नये. तिन्ही रोलचा करंट पहिल्या रोलच्या पातळ पट्टीतून जातो. ती तापते आणि शेवटचा रोल मंद पडतो. योग्य पद्धत अशी: सप्लायपासून २.५ चौरस मिमीची एक मुख्य जोडी न्यावी आणि तिच्यातून प्रत्येक रोलला वेगळी फांदी द्यावी. सबमेनवरून प्रत्येक लॅटरल निघते, तसं. जास्त वॅटच्या पट्टीला दोन्ही टोकांना सप्लाय द्यावा. पिक्सेल माळांना दर ५० दाण्यांनंतर नव्याने ५ व्होल्ट द्यावेत.

लांबलचक कमानीला एका मोठ्या सप्लायपेक्षा दोन छोटे सप्लाय दोन बाजूंना लावलेले चांगले. पण दोन सप्लायचे प्लस एकमेकांना जोडू नयेत. प्रत्येकाचे लाइट वेगळे ठेवावेत. पिक्सेलचा कंट्रोलर एकच असेल तर फक्त मायनस एकत्र करावेत.

साध्या १२ व्होल्टच्या पट्टीवर दर तीन दाण्यांनंतर कापण्याची खूण असते. तिथंच कापावी.

स्क्रूच्या रांगेत काय कुठं?

एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, मग अर्थिंगची खूण. पुढे कॉम किंवा व्ही मायनस आणि व्ही प्लस. एकाच रांगेत २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट शेजारी-शेजारी असतात. त्यामुळे स्क्रूवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून ठेवू नये आणि लाइन चालू असताना तिथं स्क्रू-ड्रायव्हर घालू नये.

- काही सप्लायवर ११०/२२० चं बारीक बटण असतं. लाइन देण्याआधी ते २२० वर आहे का, हे पाहावं.
- अर्थिंगचा स्क्रू मोकळा सोडू नये. डबा पत्र्याचा आहे.
- टोकाजवळचा ‘एडीजे’ स्क्रू फिरवून व्होल्ट वाढवू नये. लांबचे लाइट उजळतात, पण जवळचे जास्त तापतात.
- वायरीची टोकं नुसती पिळून स्क्रूखाली देऊ नयेत. थिंबल दाबून बसवावा.
- २३० च्या वायरीही लाल-काळ्या आणि १२ च्याही लाल-काळ्या असल्या की गोंधळ होतो. १२ च्या वायरींना जागोजागी टेपवर लिहून ठेवावं. त्यांना टू-पिन कधीही लावू नये. घाईत कोणीतरी ती सॉकेटमध्ये घालतोच.

फ्यूज आणि आरसीसीबी

प्रत्येक फांदीला सप्लायजवळच मोटरसायलमध्ये असतो तसा पात्याचा फ्यूज होल्डरसह लावावा. फ्यूज वायरीला वाचवतो, म्हणून तो वायर पाहून निवडायचा. १ चौरस मिमीला ५ अँपिअर, १.५ ला १० अँपिअर. फ्यूज उडाला तर त्या जागी तार गुंडाळू नये. कुठंतरी पट्टी चेपली आहे किंवा मोटर अडकली आहे, ते आधी शोधावं.

लाइनच्या बाजूला एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पावसात मंडपाचा लोखंडी पाइप ओला होतो आणि सोललेली वायर त्याला टेकली की पाइपात करंट उतरतो. लहान पोरं त्याच पाइपाला धरून उभी असतात. असा करंट जमिनीत जाताच आरसीसीबी लाइन तोडतो. बसवल्यावर त्याचं टेस्ट बटण दाबून पाहावं. रोज आरतीआधी एकदा दाबलं तर उत्तमच.

सप्लाय मूर्तीखाली किंवा गवतात दडवू नये. जाळीचा डबा पाऊस सोसत नाही आणि हवाही मागतो. कोरड्या जागी, कमरेच्या वर, लाकडी फळीवर चारही बाजूंनी मोकळा ठेवावा.

आकडा नको

डीपीजवळून किंवा लाइनवर आकडा टाकून वीज घेणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आकड्याच्या वायरीला फ्यूज नसतो, आरसीसीबी नसतो, अर्थिंग नसतं. मंडळाला महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. लाइनची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. १२ व्होल्टची बाजू पोरांनी केली तरी चालते.

लाइट गेली तर

घरगुती गणपतीला फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी कामाला येते. २ अँपिअरचा एक रोल तिच्यावर साधारण तीन तास चालतो. वायपर मोटरला ट्रॅक्टरची बॅटरी चालते. पण बॅटरीच्या प्लस टोकालाच फ्यूज हवा. ट्रॅक्टरची बॅटरी शॉर्ट झाली तर वायर क्षणात लाल होते.

प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी

पूर्ण आरास दोन-तीन तास सलग चालू ठेवावी. मल्टिमीटरने शेवटच्या लाइटजवळचे व्होल्ट मोजावेत. मग लाइन बंद करून लगेच १२ व्होल्टचा प्रत्येक जोड हाताने चाचपावा. हात ठेववत नाही इतका तापलेला जोड त्याच वेळी सोडून पुन्हा करावा. मोटर मुद्दाम क्षणभर अडवून फ्यूज उडतो का, हेही पाहावं.

मेन स्विच कुठं आहे हे मंडळातल्या दोघा-तिघांना तरी माहीत असावं. रात्रीची आरती झाली, माणसं पांगली की आरास मेनवरून बंद करावी आणि हे काम रोज कोणाचं, ते आधीच ठरवून घ्यावं.