शस्त्रक्रियेपासून रोजगारापर्यंत: वेल्लोरच्या ‘नवजीवन’ केंद्राचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील कुष्ठरुग्णाचा रोजगार केवळ आजारामुळे सुटत नसे, तर तो हिरावून घेण्याला कायद्याचेही पाठबळ होते. १८९८च्या कुष्ठरोगविषयक कायद्याने निराधार रुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद केली होती आणि खाद्यपदार्थ तयार करणे वा विकणे यांसारखे व्यवसाय रुग्णांना बंद करण्याचा अधिकारही शासनाला दिला होता. १९४०च्या दशकात सल्फोन गटातील औषधे उपलब्ध झाली, तेव्हा रोगजंतू प्रथमच आटोक्यात येऊ लागले. मात्र औषधाने रोग थांबला तरी आखडलेली बोटे सरळ होत नव्हती, त्यामुळे बरा झालेला माणूसही विळा, करवत किंवा लेखणी हाती धरू शकत नव्हता. या माणसाला पुन्हा कामावर कसे उभे करावे, या प्रश्नाचे एक पद्धतशीर उत्तर तमिळनाडूतील वेल्लोर येथे शोधले गेले.

कोल्ली टेकड्यांत मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ साली जन्मलेले आणि लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी चेंगलपट्टू येथील कुष्ठरोग आश्रमाला भेट दिली. आश्रमाचे प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रन त्वचारोगतज्ज्ञ होते, आणि रुग्णांच्या विकृत हातापायांकडे एकाही अस्थिशल्यचिकित्सकाने लक्ष दिलेले नाही, याची त्यांना खंत होती. तपासणीत ब्रँड यांच्या लक्षात आले की, आखडलेल्या हातातही पकडीची ताकद बरीच शिल्लक असते. कुष्ठरोगात कोपराजवळच्या आणि मनगटाजवळच्या, म्हणजे त्वचेलगत असलेल्या चेतातंतूंना (संवेदना व हालचालीचे संदेश वाहणाऱ्या तंतूंना) इजा होते, त्यामुळे तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात. त्यांचा तोल गेल्याने बोटे मधल्या सांध्यांत वाकून पंजा नख्यांसारखा दिसू लागतो, परंतु कोपराखालच्या भागातील अनेक मोठे स्नायू शाबूत राहतात.

उपाय याच शाबूत स्नायूंत सापडला. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. बोट वाकवण्यासाठी प्रत्येक बोटाला दोन कंडरा असतात, त्यांपैकी एक मोकळी करून, तिचे पदर काढून ते बोटांच्या बाजूंनी नव्या जागी जोडता येतात, म्हणजे लुळ्या स्नायूचे काम तिच्याकडून करून घेता येते. अशा शस्त्रक्रियांना वेल्लोरमध्ये १९४८च्या सुमारास प्रारंभ झाला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवावा लागे आणि प्लास्टर निघाल्यावर खरा कसोटीचा काळ सुरू होई. आजवर एका हालचालीसाठी वापरलेल्या स्नायूकडून दुसरी हालचाल करून घेण्यास मेंदूला शिकवावे लागे, आणि त्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाकडून रोज सराव करून घेत.

हात सुधारले, तरी रुग्णांचे आयुष्य सुधारले नाही. घरी परतलेल्यांना कोणी कामावर ठेवीना, आणि सरळ बोटांच्या हाताला पूर्वीइतकी भीकही मिळेना. ही तक्रार घेऊन परतलेल्या रुग्णांनी शल्यचिकित्सकांना त्यांच्या कामाची उरलेली बाजू दाखवून दिली. त्यातूनच १९५१मध्ये महाविद्यालयाच्या परिसरात साध्या झोपड्यांचे ‘नवजीवन’ केंद्र उभे राहिले, जिथे शस्त्रक्रिया झालेले रुग्ण राहत, सुतारकाम शिकत आणि लाकडी खेळणी तयार करीत. ब्रँड वैद्यकाकडे वळण्यापूर्वी इमारतकाम आणि सुतारकाम शिकलेले असल्याने ते स्वतः या कामशाळेत उतरले.

कामशाळेतच सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण हाती आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात अशी सार्वत्रिक समजूत होती, परंतु प्रत्येक जखमेचा माग काढल्यावर तिचे कारण बाहेरच सापडू लागले. वेदनेची जाणीव नसल्याने हातोड्याचा दांडा गरजेपेक्षा कितीतरी जोराने आवळला जाई, चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलले जाई आणि झोपेत उंदीर बोटे कुरतडत असले तरी जाग येत नसे. त्यामुळे रात्री मांजर सोबत ठेवण्याचा नियम झाला आणि रोज हात तपासण्याची सवय लावली गेली. हात पूर्ववत झाले तरी चेहऱ्यावरून रोगाची ओळख पटते, हे लक्षात आल्यावर डोक्याच्या त्वचेचा तुकडा वापरून गळालेल्या भुवया नव्याने घडवल्या जाऊ लागल्या, कारण नोकरी देणारा आधी चेहरा पाहत असे.

वेल्लोरजवळ करिगिरी येथे १९५५मध्ये सुरू झालेल्या संशोधन संस्थेतून या पद्धतीचे शिक्षण इतरत्र पोहोचले. वेल्लोरच्याच महाविद्यालयातील डॉ. मेरी वर्गीस १९५४च्या मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कमध्ये पुनर्वसनशास्त्राचे प्रशिक्षण घेतले आणि परतल्यावर वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा सांभाळली. उपचाराचे अंतिम ध्येय रोजगार आहे, हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या आयुष्यातही सिद्ध केले.

महाराष्ट्रात हाच प्रश्न दोन दिशांनी हाताळला गेला. मनोहर दिवाण यांनी १९३६मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आणि बाबा आमटे यांनी १९४९मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनात शेती व हस्तोद्योग यांना पुनर्वसनाचा पाया मानले. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळील कोंढवा येथे आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांवरील पुनर्रचना शस्त्रक्रियेला प्रतिष्ठा मिळवून दिली.

या इतिहासातून स्पष्ट होणारी गोष्ट अशी की, टाके काढल्याने शस्त्रक्रिया पूर्ण होत नाही. रुग्णाने पुन्हा मजुरी मिळवावी, हत्यार त्याच्या हाताला बेतलेले असावे आणि गावाने त्याला कामावर घ्यावे, हाही उपचाराचाच भाग ठरतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी वेल्लोरच्या कामशाळेने साध्य करून दाखवल्या, तर तिसरीसाठी कोणताही शल्यचिकित्सक पुरेसा नव्हता, आणि ती जबाबदारी तेव्हाप्रमाणे आजही काम देणाऱ्या समाजावरच आहे.