सावंतवाडीचा उठाव
सावंतवाडी संस्थानात (सध्याचा सिंधुदुर्ग जिल्हा) इंग्रजी कारभाराविरुद्ध झालेले बंड (१८४४-४५). आदिलशाहीपासून फुटून वाडीकर सावंत-भोसल्यांनी सतराव्या शतकात आपले राज्य उभारले. मराठे, पोर्तुगीज व इंग्रज यांच्या कचाट्यात ते कसेबसे टिकले. मात्र १८३८ मध्ये संस्थानिक खेम सावंतांच्या हातून कारभार काढून इंग्रजांनी तो स्वतःकडे घेतला. गादी तेवढी राहिली. १८४४ मध्ये कोल्हापूरकडील गडकऱ्यांचे (किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिबंदीचे) बंड घाट उतरून वाडीत पोहोचले. वाडीतील सरदार फोंड सावंत तांबूळकर पुढे झाले, आणि खुद्द गादीचे वारस अण्णासाहेब बंडखोरांना मिळाले. कुडाळ तालुक्यातील शिवापूरजवळचे जोडकिल्ले मनोहर-मनसंतोष हा त्यांचा मुख्य आसरा. दाट रानात कवायती फौजेचे फारसे चालेना. इंग्रज सेनाधिकारी जेम्स औट्रमने मोहीम हाती घेतल्यावर १८४५ मध्ये गड पडले व प्रमुख बंडखोर गोव्याच्या हद्दीत उतरले. बंडखोर अण्णासाहेब १८६७ मध्ये गादीवर आले, हे विशेष. संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात गेले. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला.