माजघरातल्या ‘मी’ची कुळकथा

लग्न झालेली बाई मराठी कादंबरीत स्वतःची कथा स्वतः सांगू लागली, त्याला बरीच वर्षे जावी लागली.

या वाटेवरची पहिली नायिका यमुना भेटते ती बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त, 1857 साली. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालेले. ही यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगावच्या विधवांची दुःखे ऐकते. पुढे तीही विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते, पुन्हा लग्न करते. पदमनजींची कळकळ खरी आहे, पण यमुनेच्या मनात आपल्याला शिरता येत नाही. त्यानंतर ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. त्यांतल्या नायिका संकटांमागून संकटे सोसतात, पण रोजच्या संसारात बाईचा जीव कसा गुदमरतो हे त्यांत कुठे दिसत नाही.

‘मी’चा सूर प्रथम लागला तो कादंबरीबाहेर. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. सुरतेच्या एका तरुण विधवेवरच्या खटल्यानंतर बायकांवर जी चिखलफेक चालली होती, तिला हे सडेतोड उत्तर होते. बाईला जे दोष चिकटवता ते पुरुषात नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. या कुळाची आद्य पूर्वज मी ताराबाईंनाच मानते.

ऑक्टोबर 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापू लागले. नायिका पुन्हा यमुनाच, पण ही यमू स्वतः लिहिते. आईचा धाक, वडिलांचा संताप, नवऱ्याच्या हातचा मार खाणारी मैत्रीण दुर्गी, हे सगळे तिच्याच बोलीत येते. वाचक आठवड्यामागून आठवडे यमूचे ऐकत होते, त्याच दिवसांत संमतिवयाचा वाद पेटला होता. लग्न झालेल्या मुलीचे संमतिवय 10 वरून 12 करणारा कायदा 1891 मध्ये झाला.

यमूला हवे असते तरी काय? नवऱ्याशी मोकळेपणी बोलावे, त्याच्याजवळ बसून वाचावे, मुंबईत आपले वेगळे बिऱ्हाड असावे. एवढेच! आज ते किरकोळ वाटेल. पण ज्या घरात वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी चार शब्द बोलणे म्हणजे निर्लज्जपणा, तिथे हे मागणे म्हणजे सबंध घराची घडी मोडणे होते. मुंबईत नवऱ्याबरोबर, रघुनाथरावांबरोबर, तिला हे सुख थोडे दिवस मिळते. रघुनाथराव वारल्यावर सासरचे शंकरमामंजी तिचे बळजबरीने केशवपन करवतात. तो प्रसंग वाचताना अजूनही पुस्तक मिटावेसे वाटते. तोवर आपण तिच्या डोळ्यांनी जग पाहिलेले असते, म्हणूनच तो इतका सोसवत नाही. हरिभाऊंची मोठी करामत मला इथे दिसते.

हा ‘मी’ पुरुषाने लिहिला, हे खरेच. पण हरिभाऊंच्या स्नेहातल्या काशीबाई कानिटकर तेव्हा स्वतः लिहीत होत्या. लग्नानंतर, घरच्यांचा विरोध सोसून त्या वाचायला शिकलेल्या. त्यांची ‘रंगराव’ पुस्तकरूपाने आली 1903 मध्ये. पुढे 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तेव्हा मात्र लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाआड राहावे लागले.