हक्स्टेबलबाई आणि न्यूयॉर्कच्या वास्तू

इमारत कुदळीच्या घावाने पडते, असा सर्वसाधारण समज आहे. परप्रांती सरकारी चाकरीत असलेल्या आमच्या वाचकांस मात्र हे सांगावयास नको की, ती आधी कागदावर पडते. ठराव, निविदा, मंजुरी, सही, आणि मग कुदळ. या कागदी अवस्थेतच दैनिकाच्या वाचकाला जागे करणे हे ज्यांनी आपले कर्तव्य मानले, त्यांत न्यूयॉर्कच्या एडा लुईस हक्स्टेबल (१९२१–२०१३) यांना आम्ही अग्रस्थान देतो.

बाईंचा पिंड इतिहासाच्या अभ्यासकाचा. काही वर्षे त्या न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात होत्या. पुढे इटलीत जाऊन तेथील वास्तुकलेचा अभ्यास केला. १९६३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांस वास्तुसमीक्षक नेमले. अमेरिकेतील दैनिकांत असे पूर्ण वेळेचे पद तोवर नव्हते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनिया स्थानक पाडण्यास आरंभ झाला. रोममधील काराकालाच्या स्नानगृहांचा आदर्श पुढे ठेवून बांधलेले, १९१० साली खुले झालेले हे भव्य स्थानक. रेल्वे कंपनीने त्यावरील आकाश विकले. आकाशच म्हणावयाचे, कारण जागेवर उंच बांधण्याचा हक्क तेथे स्वतंत्रपणे विकता येतो! निषेध पुष्कळ झाला, पण स्थानक गेले. १९६५ साली न्यूयॉर्कने वास्तुरक्षणाचा कायदा केला. (मुंबईला अशा नियमावलीसाठी १९९५ पर्यंत थांबावे लागले.) त्याचे श्रेय एकट्या बाईंना देणे अन्यायाचे होईल, तथापि त्यामागील लोकमत घडविण्यात त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा होता. विलीनीकरणानंतर त्याच रेल्वे कंपनीला ग्रँड सेंट्रल स्थानकावर पन्नासांहून अधिक मजल्यांचा मनोरा चढवावयाचा होता, तेव्हा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच कायदा उचलून धरला.

जुने तेवढे सोने, असे मात्र त्या मानीत नसत. बॉस्टनच्या नव्या, रांगड्या काँक्रीटच्या नगरभवनाची त्यांनी स्तुती केली. उलट न्यूयॉर्कमधील एका नव्या कलादालनाच्या खांबांना त्यांनी लॉलीपॉपची उपमा दिली. ती त्या इमारतीला जन्माची चिकटली. १९७० साली समीक्षेसाठी प्रथमच पुलित्झर पारितोषिक दिले गेले, ते त्यांना मिळाले.

आमच्या मते त्यांचे बळ शैलीपेक्षा नकाशे वाचण्यात होते. २०१२ च्या डिसेंबरात, एक्क्याण्णव वर्षांच्या वयात, त्यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या फेरबांधणीवर टीका केली. वाचनदालनाखालील पुस्तकांच्या सात मजली लोखंडी मांडण्या काढून टाकण्याचा बेत होता. या मांडण्या पुस्तकांबरोबर वरच्या दालनाचाही भार वाहतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्याच महिन्यात त्या वारल्या. २०१४ साली ग्रंथालयाने बेत सोडला. पुस्तके तोवर हलविली गेली होती. मांडण्या मात्र जागच्या जागी राहिल्या.