पक्षाघातोत्तर जीवनमान

पक्षाघाताच्या (बोलीत लकवा, अर्धांगवायू) झटक्यानंतर दीर्घकाळ जगणाऱ्यांच्या आयुष्याची प्रत. जेवण, अंघोळ, जिना अशा १० कामांवरून ० ते १०० गुण देणारा बार्थेल निर्देशांक (१९६५) वापरायला सोपा; पण वाचाघात (बोलण्यात, शब्द सापडण्यात अडचण), थकवा आणि सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ग्रासणारे नैराश्य त्यात येतच नाही. उपचार मिळण्यातल्या अडचणीही त्यात दिसत नाहीत. उदाहरणार्थ, कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय आहे. मात्र जिल्ह्यातल्या शाहूवाडी, गगनबावडा तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवरून फिजिओथेरपीसाठी वारंवार शहर गाठणे अवघड. मग व्यायाम करून घेण्याचा भार घरच्यांवर, बहुधा बायकांवर, पडतो. उंच उंबरा, उकिडवे बसण्याचा संडास, पंगतीत मांडी न घालता येणे या अडचणी परदेशी प्रश्नावल्यांना सहसा दिसत नाहीत. म्हणूनच बार्थेलचे पूर्ण १०० गुण मिळवूनही कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर गप्पांत शब्द न सापडणारा माणूस हळूहळू घरातच बसू लागतो.