भारतीय नभोवाणीवरील जाहिरातीचा आवाज : मुंबईतील ध्वनिमुद्रणाची पूर्वपीठिका

प्रस्तावना

भारतीय नभोवाणीवरील व्यापारी जाहिरातींचा प्रारंभ सामान्यतः १ नोव्हेंबर १९६७ हा मानला जातो. त्या दिवशी विविध भारतीची व्यापारी सेवा मुंबई, पुणे व नागपूर येथून सुरू झाली. प्रशासकीय इतिहास म्हणून ही नोंद योग्यच आहे. तथापि जाहिरात बोलण्याची व ध्वनिमुद्रित करण्याची कला त्या दिवशी जन्मास आली नाही. ती त्यापूर्वी सुमारे दीड दशक मुंबईतच, परंतु आकाशवाणीच्या बाहेर घडत होती. ही कला बाहेर का घडली आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रक्षेपण कोलंबोचे, ध्वनिमुद्रण मुंबईचे

१९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या प्रसाराचा आग्रह धरताना त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोता मात्र गीतांच्या शोधात रेडिओ सिलोनकडे वळला आणि श्रोत्यामागोमाग जाहिरातदारही तेथे गेला. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ हे या स्थलांतराचे ठळक उदाहरण होय. एका दंतमंजनाच्या नावाने ओळखला जाणारा हा कार्यक्रम प्रक्षेपित होई कोलंबोहून. त्याचे ध्वनिमुद्रण मात्र मुंबईत होऊन फिती तिकडे पाठविल्या जात.

या व्यवसायाची सुरुवात किती साधी होती, हे अमीन सयानी यांच्या उदाहरणावरून दिसते. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना, त्याच संस्थेच्या तांत्रिक विभागातील ध्वनिमुद्रणगृहात ‘ओव्हल्टीन फुलवारी’ या कार्यक्रमासाठी त्यांनी जाहिरात वाचली. मोबदला म्हणून त्यांना दर आठवड्यास ओव्हल्टीनचा एक छोटा डबा मिळे. बातमीपत्राच्या औपचारिक भाषेहून वेगळी, श्रोत्याशी थेट संवाद साधणारी सोपी हिंदुस्थानी शैली अशा कार्यक्रमांतून रूढ झाली.

सेकंदांचे गणित

फितीच्या काळात जाहिरातीची निर्मिती हे हस्तकौशल्याचेही काम होते. व्यावसायिक ध्वनिमुद्रणात फीत सेकंदास १५ इंच या गतीने धावत असे. म्हणजे दहा सेकंदांच्या जाहिरातीस साडेबारा फूट फीत लागे आणि अर्ध्या सेकंदाचा अनावश्यक श्वास साडेसात इंच जागा व्यापी. तो श्वास पात्याने तिरका छेद देऊन कापला जाई व उरलेली टोके चिकटपट्टीने जोडली जात. ‘फ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राण वर्णांचा झोत ध्वनिग्राहकावर आदळू नये म्हणून निवेदकास किंचित बाजूस तोंड ठेवून बोलावे लागे.

एकच जाहिरात अनेक भाषांत करताना संगीत व कालमर्यादा तीच राही. अशा वेळी शब्दसंख्येचे माप मराठीत फसवे ठरते. हिंदीतील ‘घरवालों के लिए भी’ या चार शब्दांसाठी मराठीत ‘घरच्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द पुरतो. उच्चारास लागणारा वेळ मात्र जवळपास तेवढाच असतो. म्हणून मराठी संहिता शब्द मोजून नव्हे, तर मोठ्याने वाचून व घड्याळ लावूनच निश्चित करावी लागते.

व्यापारी सेवा

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली. जाहिराती मात्र आणखी दहा वर्षे बाहेरच राहिल्या. १९६४ मध्ये नेमलेल्या चंदा समितीने व्यापारी प्रक्षेपणाची शिफारस केली. १९६७ मध्ये प्रत्यक्ष सेवा सुरू झाली तेव्हा जाहिरातसंस्था, संहितालेखक, निवेदक व ध्वनिमुद्रक मुंबईत तयारच होते. आकाशवाणीने प्रक्षेपणाची वेळ विकली. आवाज व बोलण्याची रीत खासगी क्षेत्रातून आली. ज्या धोरणाने व्यापारी आवाज दूर ठेवला, त्याच धोरणामुळे तो शासनाच्या भाषाविषयक नियंत्रणाबाहेर वाढला व प्रगल्भ होऊन परतला.

निष्कर्ष

या घडणीचा एक तोटाही आहे. जाहिरातीची फीत ही कलाकृती नव्हे, तर खपाचे साधन मानली गेली. मोहीम संपली की तिचे प्रयोजन संपे, आणि चुंबकीय फीत पुसून पुन्हा वापरता येत असे. छापील जाहिरात जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहांत आपोआप टिकते. ध्वनिजाहिरातीस असा आपोआप मिळणारा आश्रय नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बोली मराठीचे उच्चार, लय व संबोधने यांचे हे साधन आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीन सयानी यांचे निधन झाले. त्या पिढीच्या मौखिक आठवणीही आता झपाट्याने विरळ होत आहेत. त्यामुळे खासगी संग्रहांतील फितींचे अंकीय जतन हे महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी संयुक्तपणे हाती घेण्याजोगे कार्य ठरते.