यकृताआडची पिशवी

‘पित्त झालंय’ म्हटलं की आपल्याकडे आंबट ढेकर आणि ठणकणारं डोकं समजतात. खरं पित्त वेगळंच. ते यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं आणि पित्ताशयाच्या छोट्याशा पिशवीत साठतं. यकृताला चिकटून, बरगड्यांच्या आडोशाला बसलेल्या या पिशवीला मार क्वचितच लागतो. मात्र उपाशीपोटी किंवा दारू प्यायल्यावर ती टम्म फुगलेली असते. नेमकी तेव्हाच गाडीचं स्टिअरिंग किंवा एखादी लाथ पोटात बसली, तर ती फुटू शकते. कधी यकृतापासून सुटून लोंबते, कधी नुसती काळीनिळी पडते.

आणि फुटली तरी बोंब मारत नाही, हीच खरी गोम. पित्तात जंतू नसले तर ते पोटात सांडूनही सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही. माणूस घरी जातो आणि कधी काही आठवड्यांनी फुगलेलं पोट नि पिवळे डोळे घेऊन परततो.

इलाजाची वाट मोकळी झाली ती पित्ताशयातल्या खड्यांमुळे. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातले कार्ल लांगेनबुख आधी मृतदेहांवर हात बसवत राहिले. मग १५ जुलै १८८२ रोजी त्यांनी सोळा वर्षं कळा सोसणाऱ्या ४३ वर्षांच्या रुग्णाचं अख्खं पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवशी रुग्णाची स्वारी सिगार ओढत होती म्हणे! या पिशवीवाचून माणसाचं अडत नाही, हे सिद्ध झालं. फाटलेलं पित्ताशय शिवत बसण्यापेक्षा काढून टाकण्याकडे सर्जनांचा कल असतो, तो त्यामुळेच.

निदान मात्र मागेच रेंगाळलं. १९६५ मध्ये अमेरिकेत रूट आणि सहकाऱ्यांनी पोटात सलाइन सोडून ते परत काढून तपासायची पद्धत मांडली. त्यात रक्त दिसे, पण ते कुठलं हे कळत नसे. पोट उघडल्यावरच पित्ताशय सापडे. पुढे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले, तेव्हा पिचकलेली पिशवी आणि भोवतीचं पाणी बाहेरूनच दिसू लागलं.

शस्त्रक्रियेची रीतही बदलली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून दुर्बिणीतून पोटात डोकावत होते. १९९० मध्ये त्यांनी दुर्बिणीनेच पित्ताशय काढलं. भारतातली ही पहिली अशी शस्त्रक्रिया. आज रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर फुटलेलं पित्ताशयही याच वाटेने काढता येतं.

तेव्हा डोळे पिवळे झाले, तर महिन्यापूर्वी पोटाला बसलेला मारही डॉक्टरांना आठवणीने सांगा.